विस्मरणाच्या वाटेवरचे आईवडील आणि त्यांना सांभाळणारे हात

संध्याकाळची वेळ आहे. घरात रोझरी चालू आहे. ऐंशी वर्षांच्या आजी जपमाळेचा एकेक मणी पुढे सरकवीत आहेत आणि त्यांचा एकही शब्द चुकत नाही. रोझरी संपते. आजी शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहतात आणि विचारतात, "तू कोणाची गं? आणि मला घरी कधी सोडणार?" ज्या घरात त्या पन्नास वर्षे नांदल्या, त्याच घरात बसून त्या घरी जाण्याची वाट पाहत असतात. सून हसून वेळ मारून नेते. परंतु रात्री स्वयंपाकघरातील दिवा मालवताना तिचे डोळे भरून येतात.

असे प्रसंग आज अनेक कुटुंबांत घडत आहेत. मात्र त्यांविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. कोणी म्हणते, 'वय झाले की असे व्हायचेच.' कोणी म्हणते, 'त्यांचा स्वभावच हट्टी.' काही ठिकाणी बाहेरच्या बाधेचाही संशय घेतला जातो. या तिन्ही समजुतींमुळे आजारी व्यक्तीचे आणि तिला सांभाळणाऱ्यांचे फार नुकसान होते. म्हणून या आजाराचे स्वरूप काय, घरी काय करता येते आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीची काळजी कोणी घ्यायची, याविषयी आम्ही या लेखात थोडे विस्ताराने सांगणार आहोत.

स्मृतिभ्रंश म्हणजे काय?

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे एकाच रोगाचे नाव नाही. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांमुळे स्मरण, विचार, भाषा आणि वागणूक यांवर परिणाम होऊन माणसाला रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येईनासे होतात, त्या अवस्थेला हे नाव आहे. त्यातील सर्वांत मोठा वाटा अल्झायमर या विकाराचा आहे. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आल्याने होणारा स्मृतिभ्रंश आढळतो. पुष्कळदा हे दोन्ही एकाच व्यक्तीत असतात.

जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी 1901 साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात एका 51 वर्षांच्या महिलेची तपासणी केली. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच अडखळत असे. 1906 साली तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी केली, तेव्हा त्यात विशिष्ट प्रकारचे साके आणि पेशींमध्ये गुंतागुंतीचे धागे आढळले. म्हणजे ज्याला लोक वेड किंवा म्हातारचळ म्हणत होते, त्याच्या मुळाशी मेंदूतील प्रत्यक्ष बिघाड होता. ही गोष्ट कुटुंबीयांनी पहिल्या दिवसापासून मनावर कोरून ठेवावी. तुमची आई तुम्हाला छळण्यासाठी तोच प्रश्न दहा वेळा विचारीत नाही. दिलेले उत्तर साठवून ठेवणारी जागाच तिच्या मेंदूत निकामी होत चाललेली असते.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी नोंदविणाऱ्या भागावर आघात सहसा आधी होतो. म्हणून सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. पण लहानपणीची शाळा, माहेरची विहीर, लग्नातील गाणी लख्ख आठवतात. वर्षानुवर्षे म्हटलेली प्रार्थना ओठांवर टिकून राहते, त्याचे कारणही हेच. आपल्या वसई भागात असेही दिसते की आयुष्यभर शुद्ध मराठीत बोललेली व्यक्ती हळूहळू बालपणीच्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलू लागते. अशा वेळी नातवंडांनी हसू नये. त्या बोलीत चार शब्द बोलावेत. तो दरवाजा अजून उघडा आहे, असे समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात 5 कोटी 70 लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होते. भारताविषयी 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये हे प्रमाण सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख, असल्याचे अनुमान काढण्यात आले. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक आढळले. तात्पर्य, ज्यांच्या घरी हा आजार आला आहे ते एकटे नाहीत, आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही.

प्रत्येक विसर हा स्मृतिभ्रंश नव्हे

वयोमानानुसार थोडेफार विस्मरण होणे स्वाभाविक आहे. पाहुण्याचे नाव चटकन आठवत नाही, पण थोड्या वेळाने आठवते. चष्मा कोठे ठेवला ते विसरते, पण शोधल्यावर सापडतो. यात घाबरण्याचे कारण नाही. परंतु नेहमीच्या बाजारातून घरी येण्याची वाट चुकू लागली, हातात किल्ली घेऊन 'हिचे काय करतात?' असा प्रश्न पडू लागला, शंभरच्या नोटेचा हिशेब लागेना, आयुष्यभर केलेले कालवण करताना पुढची पायरी सुचेना, तर डॉक्टरांकडे जाण्यात विलंब करू नये.

तपासणीचे महत्त्व दुहेरी आहे. स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी काही दुखणी उपचारांनी सुधारू शकतात. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणे, उदासीनतेचा आजार, पडल्यामुळे मेंदूभोवती हळूहळू साचलेले रक्त, झोपेच्या किंवा इतर काही गोळ्यांचा परिणाम ही त्याची उदाहरणे होत. ऐकू कमी येत असेल तरी माणूस गोंधळल्यासारखा वाटतो. म्हणून रक्ताच्या चाचण्या, गरजेनुसार मेंदूचा स्कॅन आणि स्मरणशक्तीची साधी प्रश्नोत्तरी चाचणी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, अगदी आयुर्वेदिक औषधेसुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्यावीत.

आणखी एक सूचना आम्हाला ठळकपणे करावीशी वाटते. कालपर्यंत बरी असलेली वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागली, सतत ग्लानीत राहू लागली, किंवा रात्रभर ओरडू लागली, तर तो स्मृतिभ्रंश वाढल्याचे लक्षण मानून स्वस्थ बसू नये. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम कमी होणे, शरीरातील पाणी कमी होणे, तीव्र बद्धकोष्ठता किंवा नव्याने सुरू केलेले औषध यांमुळे असे अचानक घडते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविणे आवश्यक आहे.

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. डोनेपेझिल, मेमँटिन यांसारख्या औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य राहतात. आजाराच्या अगदी आरंभी देण्याची नवी इंजेक्शने अलीकडच्या वर्षांत आली आहेत. ती आजाराची गती थोडी मंदावतात, परंतु सर्वांना चालत नाहीत आणि त्यांवर कडक देखरेख लागते. यास्तव जाहिरातीतील 'हमखास उपायांच्या' मागे लागून घरातील पैसा घालवू नये.

उलटपक्षी, आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांच्या हाती बरेच काही आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 साली चौदा जोखमीची कारणे नमूद केली. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले घातक कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, ऐकू व दिसू कमी येणे, एकाकीपणा ही त्यांपैकी काही. या सर्व कारणांचा बंदोबस्त झाला तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असे समितीचे मत आहे. आपल्या समारंभांत मद्य किती सहजपणे वाहते, हे लक्षात घेता या यादीचा आपण गांभीर्याने विचार करावयास हवा.

वाद नको, धीर द्या

'माझी आई कुठे आहे?' असे पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी विचारले, तर 'ती केव्हाच देवाघरी गेली' असे सांगण्याचा मोह होतो. परंतु त्यांच्या दृष्टीने ती बातमी प्रत्येक वेळी नवी असते आणि प्रत्येक वेळी ते नव्याने शोक करतात. त्याऐवजी 'तुम्हाला आईची आठवण येते का? ती काय काय करून घालायची?' असे विचारावे. प्रश्नातील माहितीला उत्तर देण्यापेक्षा प्रश्नामागच्या भावनेला उत्तर द्यावे. 'मला घरी जायचे आहे' याचाही अर्थ बहुधा 'मला इथे सुरक्षित वाटत नाही' असा असतो. हात हातात घेऊन अंगणात एक फेरी मारून आणल्यास मन शांत होते.

तीच गोष्ट संशयाची. 'माझी पाटली सुनेने चोरली' असा आरोप झाला की घरात वादळ उठते. आजींनी ती पाटली स्वतःच कोठेतरी लपवून ठेवलेली असते आणि लपविल्याचे त्या विसरलेल्या असतात. मेंदू त्या रिकाम्या जागी एक कारण उभे करतो. सुनेने हे मनाला लावून घेऊ नये. 'चला, आपण दोघी मिळून शोधू' असे म्हणावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लांब राहणाऱ्या मुलामुलींनी फोनवर ऐकलेल्या अशा तक्रारीवरून सुनेला दोष देऊ नये.

दिवस मावळताना अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. तेव्हा घरातील दिवे वेळेवर लावावेत, दूरचित्रवाणीचा गोंगाट कमी करावा, दुपारची झोप मर्यादित ठेवावी. झोपेच्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत; त्यांमुळे गोंधळ वाढतो आणि पडण्याचा धोका संभवतो. रुग्णाला पलंगाला बांधून ठेवणे हा तर उपाय नव्हेच.

घर सुरक्षित कसे करावे?

मोठा खर्च न करताही पुष्कळ गोष्टी करता येतात.

1. न्हाणीघरात व शौचालयात भिंतीला पकडण्यासाठी मजबूत दांडी बसवावी. सरकणारी पायपुसणी काढून टाकावीत. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा. शौचालयाच्या दारावर मोठे चित्र लावल्यास दार ओळखू येते.

2. स्वयंपाक झाल्यावर गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. फिनेल, रॉकेल, कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवावीत.

3. आपल्या वाड्यांत विहिरी आणि बावखले आहेत. रुग्णाला घराबाहेर भटकण्याची सवय असल्यास विहिरीवर जाळी आणि बावखलाकडे जाणाऱ्या वाटेवर फाटक असावे. सदऱ्याच्या खिशात किंवा गळ्यातील साखळीला नाव व फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. शेजारी, रिक्षावाले आणि नाक्यावरील दुकानदार यांना आजाराची कल्पना देऊन ठेवावी. यात कमीपणा कसला? त्यांच्यापैकीच कोणीतरी एक दिवस त्यांना घरी आणून सोडील.

4. दिवसाचे वेळापत्रक शक्यतो सारखे ठेवावे. जमेल ते काम त्यांच्या हाती द्यावे. लसूण सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, फुले वेचणे ही कामे वाकडीतिकडी झाली तरी चालतील. आपण अजून उपयोगी आहोत, ही जाणीव औषधासारखी असते.

5. आजार वाढल्यावर गिळण्यास त्रास होतो. नेहमी ताठ बसवून भरवावे. पडून पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पेज, मऊ भात, कुस्करलेली भाजी लहान घासांनी द्यावी. घास तोंडात तसाच राहत असेल किंवा ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

6. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, खुबे येथील त्वचा रोज पाहावी. लाली दिसताच त्या जागेवरचा भार काढावा. जखम होण्याची वाट पाहू नये.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

आता आम्ही या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. आजाऱ्याची विचारपूस सर्वजण करतात. 'बाबा कसे आहेत?' हा प्रश्न रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात दहा जण विचारतात. 'तू कशी आहेस?' हे किती जण विचारतात?

बहुतेक कुटुंबांत हा भार एकाच व्यक्तीवर येऊन पडतो. ती बहुधा सून, पत्नी किंवा अविवाहित मुलगी असते. तिची रात्रीची झोप मोडते, कंबर धरते, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या विसरल्या जातात. नोकरी असेल तर ती सुटते. माहेरच्या लग्नाला जाता येत नाही, सणाच्या मिस्सालाही नाही. एखाद्या दिवशी तोल जाऊन ती आजाऱ्यावर ओरडते आणि मग रात्रभर अपराधी भावनेने जळत राहते. तिला आम्ही सांगू इच्छितो की थकवा येणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे. हे काम एका माणसाच्या ताकदीपलीकडचे आहे. मदत मागणे हा पराभव नसून आजाऱ्याच्याही हिताची गोष्ट आहे. कारण सांभाळणारीच कोसळली तर दोन रुग्ण होतील.

सतत रडू येणे, झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, 'हे सगळे एकदाचे संपू दे' असे विचार येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसल्यास डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटावे. शासनाची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची 'एल्डरलाइन' ही राष्ट्रीय सेवा 14567 या क्रमांकावर आहे.

भावंडांनी एकत्र बसून कामाची वाटणी करावी आणि ती वहीत लिहून काढावी. रात्रीची पाळी कोणाची, डॉक्टरांकडे कोण नेणार, औषधांचा व डायपरचा खर्च कोण करणार, हे स्पष्ट असावे. आखाती देशांत किंवा कॅनडात असलेल्या मुलाला कूस बदलता येत नाही, हे खरे. परंतु दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईचा पगार तो देऊ शकतो आणि वर्षातून पंधरा दिवस येऊन वहिनीला सुट्टी देऊ शकतो. सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर 2024 पासून झाली आहे. तथापि ती रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरच्या रोजच्या शुश्रूषेचा भार कुटुंबालाच वाटून घ्यावा लागतो.

कागदपत्रे वेळीच करावीत

हा विषय काढताना संकोच वाटतो. परंतु आजाराच्या आरंभी, व्यक्तीला समज आहे तोवरच मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन आणि संयुक्त खाते यांची व्यवस्था वकिलाच्या सल्ल्याने करून घ्यावी. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. साधे मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची समज नाहीशी झाल्यावर, कायद्याने टिकत नाही. मग पुष्कळदा न्यायालयात जाण्याची वेळ येते. आरंभीच त्या व्यक्तीला विचारून घ्यावे की पुढे उपचारांबाबत तिची इच्छा काय आहे. तिच्या आयुष्याविषयीचा निर्णय तिच्या पाठीमागे होऊ नये.

ज्या घरांत वृद्धांना टाकून दिले जाते, तेथे आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, 2007 लागू होतो. आपल्या सांभाळासाठी वृद्धांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळाच्या अटीवर मुलांना बक्षीस दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास, परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे.

धर्मग्रामाचा वाटा

पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली जुलै महिन्याचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून घोषित केला. त्या दिवशी ज्येष्ठांचा सत्कार होतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जे सत्काराला येऊच शकत नाहीत त्यांचे काय?

रुग्णाभ्यंगाचे साक्रामेंत केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे प्रकृती गंभीर होऊ लागताच ते घेता येते, आणि प्रकृती अधिक बिघडल्यास पुन्हाही घेता येते. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी ख्रिस्तशरीराचा छोटासा तुकडा पुरतो. घरच्यांनी धर्मगुरूंना आधी तशी कल्पना द्यावी. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील आणखी एक तरतूद आम्हाला फार बोलकी वाटते. कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून वृद्ध व आजारी व्यक्तींना सूट आहेच. परंतु त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही तीच सूट आहे. सांभाळणाऱ्याचा विचार आजाऱ्यासोबतच व्हावा, हे कायद्यानेही जाणले आहे. आपण धर्मग्रामवासीयांनीही ते जाणावे.

काय करता येईल? प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या परिसरातील अशा घरांची यादी करावी. आठवड्यातून दोन तास कोणीतरी जाऊन आजींजवळ बसावे, त्यांच्यासोबत जुनी गीते म्हणावीत, म्हणजे सुनेला मिस्साला, बाजारात किंवा नुसते झोपण्यासाठी वेळ मिळेल. एका घरासाठी चार जणांनी पाळी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याकाठी जेमतेम दोन तास येतात. तरुणांनी हे काम अवश्य करावे. भेटायला जाताना 'मला ओळखलंत का?' अशी परीक्षा मात्र घेऊ नये. 'मी अमुक, अमक्याचा मुलगा, तुम्हाला भेटायला आलो' असे आपणच सांगावे.

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील सिराक या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात पित्याची बुद्धी मंदावली तरी मुलाने त्याच्याशी सबुरीने वागावे, असा उपदेश आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या लेखकालाही असे घर ठाऊक होते. त्या काळी त्या आजाराला नाव नव्हते. आज नाव आहे, तपासण्या आहेत, काही औषधेही आहेत. पण सबुरीला पर्याय मिळालेला नाही. ती एकट्या माणसाजवळ फार दिवस पुरत नाही, चार जणांनी वाटून घेतली तरच पुरते.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्या गल्लीतील अशा एखाद्या घराचा दरवाजा वाजवावा आणि आत जाऊन त्या सुनेला म्हणावे, 'बाई, तू जरा पड. मी बसते आजींजवळ.'